नळीवरचं अक्षर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, पहिल्या रांगेत संकोचून बसलेले बाईंचे यजमान आणि कन्या, प्रयोगशाळेतले सर्व सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई,

विभागप्रमुख या नात्याने मी बाईंच्या चौतीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे. निबंधांची यादी दारात वाटली आहेच, ती मी वाचत नाही. मी एकाच निबंधाबद्दल बोलणार आहे. तो यादीत नाही.

बाईंचा विषय जिवाणूंची जनुकं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी दाखवून दिलं, की उपाशी ठेवलेला जिवाणू आपली जनुकं झपाट्याने बदलतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. निबंध गाजला. मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी होतो आणि माझा प्रबंध त्याच कामावर उभा होता. बाईंच्या शिस्तीबद्दल काय सांगावं? यजमान सांगतात, त्यांच्या घरी दुधाच्या पातेल्यावरसुद्धा तारखेची चिठ्ठी असते.

तीन वर्षांनी एक नवी विद्यार्थिनी आली. तिने तोच प्रयोग नव्याने आणलेल्या जिवाणूंवर तीनदा केला. तिन्ही वेळा औषध घातलेली प्लेट कोरी, एकही जिवाणू वाढला नाही. आम्ही सगळ्यांनी तिच्या हाताला दोष दिला, मी सगळ्यांत जास्त. बाईंनी पहिल्या प्रयोगाची, गोठवून ठेवलेली मूळ नळी काढली आणि त्यातले जिवाणू उपाशी न ठेवताच औषधाच्या प्लेटवर पसरले. खरं तर एकही जगायला नको होता. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू त्या नळीत पहिल्या दिवसापासूनच मिसळलेले होते. गाजलेल्या निकालाशी उपासमारीचा काही संबंधच नव्हता.

विभागप्रमुखपदाची निवड पुढच्याच महिन्यात होती. तेव्हाच्या संचालकांनी बाईंना बोलावून सुचवलं, की एवढी घाई कशाला, महिनाभर थांबा. बाई परत आल्या आणि त्याच दुपारी निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तो छापलेल्या नियतकालिकाच्या नावे टपालात टाकलं. चूक माझी, एवढंच कारण त्यात होतं.

पद दुसऱ्याला मिळालं. बाईंना भांडारघराशेजारची, एका बेसिनची खोली मिळाली. त्या खोलीत त्यांनी पाच वर्षं सगळं पहिल्यापासून केलं. उपासमारीने बदल होतो, पण अगदी थोडा आणि एकाच जनुकात, असं निघालं. अडीच पानांचा निबंध झाला. तो कुठे गाजला नाही. तो आजही बरोबर आहे.

आता जे सांगायचं ते सांगतो. ती नळी मी भरली होती. ती आणि औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची दुसरी नळी एकाच वेळी हाताळताना घाईत मी दोन्हींना द्रव उचलायचं एकच पिपेट वापरलं. पत्र टपालात पडायच्या आधी मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, नळीवरचं अक्षर माझं आहे.

बाई म्हणाल्या, "ते मी केव्हाच ओळखलं. पण भरलेली नळी तपासून घेणं माझं काम होतं."

मी म्हणालो, पत्रात माझं नाव घाला.

"तुझं अजून नाव झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "झालं की बघू. जा, प्रबंध पुन्हा लिहायला घे."

प्रबंधाला दोन वर्षं जास्त लागली. लग्न लांबलं, वडील बोलेनासे झाले, पण पदवी मिळाली. पुढे नोकरी मिळाली, आणि बाईंच्या हातून निसटलेल्या खुर्चीवर आज मी बसतो. माझं नाव होऊनही बरीच वर्षं झाली. मग मी इतका काळ गप्प का राहिलो? भीती होती, आणि नंतर सवय झाली.

गेल्या सोमवारी मी त्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. चूक कोणाची, ते नावानिशी लिहिलं. पुढच्या अंकात ते छापून येईल. बाईंना हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतं आहे.

त्या हाताने मला खाली बसायला सांगत आहेत. बसतो.

आयोजकांनी बोलू दिलं आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. या भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर आपण ते पोटात घालावं. त्या एका चुकीसाठी मात्र मी आपल्याकडे क्षमा मागत नाही. ती बाईंनी बावीस वर्षं एकटीने पोटात घातली. क्षमा मागायची ती त्यांचीच.