आपण न पाहिलेले चित्रपट

शकुंतलाताई, आणि इथे जमलेले सगळे,

मला बोलायला जड जातंय. अशा सभेत दुःखामुळे जड जातं असं म्हणायचं असतं. माझ्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. मला राग आलाय. राग आवरावा म्हणून मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. माझ्याआधी तीन जण बोलले. ते ऐकताना मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तिघांनी काय सांगितलं? गजभियेसाहेब साधे होते. मनमिळाऊ होते. वेळेवर येत, वेळेवर जात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कुठल्याही कार्यालयातल्या कुठल्याही निवृत्त माणसाला हे वर्णन चालेल. नाव बदला आणि पुन्हा वापरा.

देवराव गजभिये हा माणूस भुताचे चित्रपट पाहायचा. हे कुणीच बोललं नाही. का नाही बोललं? शोभत नाही म्हणून?

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी सुमती. इथे दिल्लीत मंत्रालयाच्या अनुवाद कक्षात एकोणीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. ते निवृत्त झाले, मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिले. आजूबाजूला सगळे विद्यार्थी. लग्न केलं नव्हतं. मागच्या आठवड्यात सकाळी दार उघडेना, तेव्हा शेजारच्या मुलांनीच ते तोडलं. झोपेत गेले. आपल्याला कळायला दुपार झाली. आपल्यापैकी कुणाचा नंबर त्या मुलांकडे नव्हता.

आता चित्रपटांबद्दल बोलते.

ते जगभरचे चित्रपट शोधायचे. भीतीचे, रहस्याचे. कुठे गाजले नाहीत असे, आणि शक्यतो लहान देशांचे. म्हणायचे, "मॅडम, मोठ्या देशांच्या भुतांना जाहिरात मिळते. छोट्या देशाच्या भुताला कोण विचारतो?" आणि पाहायचे दुपारी. खिडकी उघडी, ऊन आत. अंधारात कुणालाही भीती वाटते, त्यात चित्रपटाचं काय कौतुक, असं त्यांचं मत.

चांगला वाटलेला चित्रपट ते एकाच माणसाला द्यायचे. तोच चित्रपट दुसऱ्याला नाही. माणूस ठरवायला कधी कधी दोन महिने घ्यायचे. मग चिठ्ठी. एका बाजूने वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, नीट अक्षरात: नाव, देश, किती मिनिटं, कुठे पाहायला मिळेल. खाली एक ओळ. माझ्या एका चिठ्ठीवर होतं, "रविवारी, जेवणाआधी पाहावा. जेवण झाल्यावर झोप येते आणि दिग्दर्शकाला दोष जातो."

या सभागृहात चिठ्ठी न मिळालेले किती जण आहेत? हात वर करू नका. मला माहीत आहे.

पंधरा दिवसांनी ते विचारायचे, "पाहिला का?" आपण म्हणायचो, "हो, छान होता." मी छान म्हणत नसे. मी मराठीची एम.ए. मी म्हणायचे, "संयत आहे." एकदा "आशयघन" म्हटलं होतं. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये, चित्रपट जिथल्या तिथे. साहित्य वाचणाऱ्या बाईने भुतं काय पाहायची? मला ते हलकं वाटायचं. स्पष्टच सांगते, त्यांचीही थोडी कीव यायची.

एकदा ते आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत आले. महिन्यातला एक रविवार, दुपारी दोन तास, हेच सभागृह. एक चित्रपट दाखवतो आणि नंतर बोलू, इतकंच मागणं. प्रधानसाहेब, तुम्ही सचिव होतात. तुम्ही म्हणालात, "गजभियेसाहेब, आपले फॅमिली प्रोग्रॅम असतात. भुताखेतांचं कसं चालेल?" मागून कुणीतरी म्हणालं, "आणि तुम्ही लोक तर भूत मानतच नाही ना?"

तुम्ही लोक. आवाज कुणाचा होता ते मला आठवतंय. आज तोही माणूस आलाय, पांढऱ्या कपड्यात.

ते म्हणाले, "बिल्कुल मानत नाही. म्हणून तर निवांत बघतो. तुम्ही मानता, तुम्हाला त्रास होईल."

हशा झाला. चहा आला. इतिवृत्त मी लिहिलं: विषय पुढील बैठकीत घ्यावा. तो विषय पुढच्या बैठकीतच राहिला. बैठकीनंतर जिन्यात मी त्यांना म्हटलं, "कशाला असल्या चित्रपटांच्या नादी लागता? भूत म्हणजे असतं तरी काय?" ते म्हणाले, "ज्याच्या अर्जाला कुणी उत्तर दिलं नाही तो." आणि खाली उतरून बस पकडायला गेले.

शकुंतलाताई या त्यांच्या धाकट्या बहीण. चंद्रपूरहून आल्या. गेल्या शनिवारी त्यांच्यासोबत खोली आवरायला गेले. कपडे थोडेच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकं, आणि पुस्तकांच्या शेजारी एक जाडजूड वही. वहीत रकाने आखलेले. कुणाला, कोणता चित्रपट, आणि शेवटी अभिप्राय.

ताई वही चाळत होत्या. त्यांचा चेहरा खुलला. मला म्हणाल्या, "तुम्हीच ना सुमतीबाई? तुम्हाला तो बर्फातला घोडा आवडला होता. भाऊ फोनवर सांगायचा. दर रविवारी सांगायचा. दिल्लीत माझे दोस्त किती बारकाईनं पाहतात म्हणायचा."

मला आठवलं. त्यांनी विचारलं होतं, "शेवटी बर्फातून तो घोडा परत येतो, ते कसं वाटलं?" मी म्हटलं होतं, "फार संयत."

घरी गेले. ड्रॉवर उपसून वहीतल्या त्या नोंदीची चिठ्ठी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बसले.

चित्रपट फिनलंडचा. एक बंद पडलेली शाळा, भर उन्हाळा, साफसफाईला आलेली एक बाई. रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहिलेला असतो. हजर: अकरा. ती पुसते. दुसऱ्या दिवशी हजर: बारा. ती पुसते. पूर्ण चित्रपटात भूत दिसत नाही. ओरडणं नाही, रक्त नाही, संगीतही नाही. बाई दर वेळी जरा जास्त जोरात पुसते, बस. मी नोकरीच्या आधी सहा वर्षं शाळेत शिकवलं. तिथल्या फळ्याबद्दल मी त्यांना एकदाच, डबा खाताना, काहीतरी सांगितलं होतं. माझ्यासाठी त्यांनी हा निवडला होता. चिठ्ठीवर तारीख आहे, नऊ वर्षांपूर्वीची.

त्यात घोडा नाही. बर्फ नाही. शाळेच्या फाटकाबाहेर कॅमेरा जातच नाही.

कळलं का मंडळी? त्यांनी मुद्दाम विचारलं होतं.

मग मी वही मागून घेतली आणि चार दिवस तेच केलं. प्रधानसाहेब, तुमचा चित्रपट इंडोनेशियाचा. एका इमारतीतली समिती ठरवते की एका बिऱ्हाडाची पाटी काढून टाकायची. सगळे सह्या करतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारावरची पाटी कोरी. पोस्टमन येतो, कुणाचंच पत्र देऊ शकत नाही. तुमचा अभिप्राय वहीत आहे: "शेवटचं लग्न आवडलं." त्यात लग्न नाही, साहेब.

नेनेकाका, तुम्ही टेलिफोन खात्यातले. तुमच्यासाठी बोलिव्हियाचा होता. खाण खचून बंद झालीय, तरी खालून एक लाइन वाजते. कंपनी म्हणते वायर कापा. ऑपरेटर कापत नाही. ती रोज फोन घेते, ऐकते, वहीत काहीतरी लिहिते. पलीकडचा आवाज आपल्याला शेवटपर्यंत ऐकू येत नाही. काय सांगतायत ते तिच्या चेहऱ्यावर वाचायचं. काका, मी हा दोनदा पाहिला. घरी जा आणि पाहा. तुम्ही म्हणाला होतात, "बोगद्यातलं गाणं मस्त." कुठलं गाणं, काका?

पानामागून पान असंच. एकानेही "असं काही नव्हतं त्यात" म्हटलेलं नाही. आपण सगळे सुशिक्षित. आपल्या सगळ्यांना घोडा आवडला.

एक नोंद वेगळी आहे. त्या नोंदीखाली दोन रेघा आहेत. सानिया, जोशींची मुलगी, मागे उभी आहे. तिचं मराठी कच्चं म्हणून तुम्ही सगळे तिला हसता. तिला त्यांनी जॉर्जियाचा चित्रपट दिला होता. पंधरा दिवसांनी विचारलं, "पाहिला का?" ही म्हणाली, "अंकल, सच बताऊँ? पंधरा मिनिटं पाहिला. बोर झालं यार. तो माणूस नुसता कपडा कापतोय. एक पण जंप स्केअर नाही."

ते म्हणाले, "दचकवणं म्हणजे फटाका. गॅस बंद केला होता का, हे बसमध्ये आठवतं ना, ती भीती. सोळाव्या मिनिटाला गिऱ्हाईक येतं. रविवारी ये, तिथून लावतो."

ती गेली. गिऱ्हाईक कोट शिवायला टाकतं. दर वेळी माप घ्यायला येतं तेव्हा एक इंच कमी भरतं. शिंपी काही बोलत नाही, आणि गिऱ्हाईकही बोलत नाही. सानियाने मला काल सांगितलं की तिच्या हातातला चहा तसाच गार झाला. त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी मुनिरकात जात होती. आई-बापाला वाटायचं, क्लासला जाते. वहीत तिच्या नावापुढे अभिप्राय नाही. एक शब्द आहे: "खरं."

एवढंच लागत होतं. एक "नाही पाहिला" पुरलं असतं. मग त्यांनी आपल्यालाही बोलावलं असतं, चहा टाकला असता.

मला त्यांचाही राग येतो. देवराव, सरळ का नाही विचारलंत? टेबलावर हात आपटून "मॅडम, खोटं बोलताय" का नाही म्हणालात? नऊ वर्षं त्या घोड्याचं ओझं एकट्याने का वाहिलंत? आणि खोटं पकडल्यावरही पुढची चिठ्ठी का दिलीत? माझ्या ड्रॉवरमध्ये एकवीस आहेत. एकविसाव्या चिठ्ठीवरचं अक्षर पहिलीइतकंच नीट आहे.

परवा मी ताईंना सगळं सांगितलं. आधी त्यांना समजलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे भाऊ फोनवर सांगायचा ते खोटं होतं?"

मी म्हटलं, "तुमचा भाऊ खोटं बोलला नाही, ताई. आम्ही जे बोललो ते त्यांनी तुम्हाला सांगितलं. आम्ही पाहिलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडून वही परत घेतली. मग म्हणाल्या, "मला वाटायचं त्याला दिल्लीत सोबत आहे. म्हणून मी चंद्रपूरला ये म्हणून कधी हट्ट धरला नाही." आणि मग, "वही घेऊन येते सभेला. मला त्या दोस्तांच्या तोंडून ऐकायचं आहे."

त्या घेऊन आल्या आहेत. मांडीवर आहे. सभेच्या सुरुवातीला अध्यक्षांनी ताईंना विचारलं, काही बोलायचंय का. त्या नाही म्हणाल्या. तुम्हाला वाटलं, शोक अनावर झाला.

आता शेवटचं. आपल्याकडे अशा सभेत शेवटी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळतात. आज तसं एकदम उभं राहायचं नाही. सगळे बरोबर उठले की कोण कशासाठी उठलं ते कळत नाही. कृपा करून बसून राहा.

ताई वही उघडतील आणि एकेक नाव वाचतील. ज्याने त्याला दिलेला चित्रपट ते असताना पाहिला असेल त्याने बसून राहावं आणि त्यात काय आहे ते ताईंना सांगावं. त्यांना ऐकायचंय. ज्याने पाहिला नाही त्याने उभं राहावं. कारण सांगू नये. वेळ नव्हता म्हणू नये. छान तर अजिबात म्हणू नये. सगळे उभे राहिलो की तेच आपलं मौन. किती मिनिटं चालेल ते ताई ठरवतील.

वाचा ताई. माझं नाव वाचलं नाही तरी चालेल. मी उभीच आहे.