डावीकडची शिवण

दवाखान्यातला आपला नंबर सोडून ती उठली, तेवढ्यात शेजारच्या बाकावर दोघी बहिणींची जुंपली.

"ताई, गाठ वाढत गेली आणि तू ब्लाउजची डावी शिवण उसवून सैल करत बसलीस?"

"हळू बोल गं, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! गिऱ्हाइकाचं माप बोटभर चुकलं तर तुला झोप लागत नाही. स्वतःचं माप बदललं, ते दिसलं नाही?"

"दिसलं. पण दुखत नव्हती गं."

"मला का नाही सांगितलंस? मी काय मेले होते?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते, पण त्याच दिवशी ओढत इथे आणलं असतं!" धाकटीची नजर उठलेल्या बाईकडे गेली. "आणि तुम्ही हो, कुठे निघालात?"

"माझीही दुखत नाही," म्हणत ती पुन्हा बसली.