आत्या गेली आणि बंद खाडीत जाळं पडलं

आयाबायांनो, भावांनो, एवढ्या पावसात तुम्ही आत्यासाठी देवळात जमलात. पलीकडच्या पाड्यातल्या बाया होडी करून आल्यात. बोल म्हणून तुम्ही मला उभं केलंत, पण मला बोलावंसं वाटत नव्हतं. रडू येतंय म्हणून नाही. रडून झालं. मला भीती वाटतेय.

मी सुमन. यमुनाआत्याबरोबर कल्याणच्या बाजारात सुकट विकायला बसायची ती. आत्या माझी नात्यातली नव्हती, पण या गावात ती कुणाची आत्या नव्हती?

आषाढ लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत आपली खाडी बंद. मासळी अंड्यावर असते, तिला हात लावायचा नाही. आत्यानं हे आपल्याकडून कबूल करून घेतलं तेव्हा किती भांडलो आपण. मीच म्हटलेलं, खाडी बंद तर खायचं काय? ती म्हणाली, "अगो, सगळं घर एका जाळ्यावर कशाला टांगतेस?"

मग तिनं आपल्याला उन्हाळ्याची सुकट धरून ठेवायला लावली. व्यापारी दारात आला तरी द्यायची नाही, पावसात आपणच बाजारात न्यायची. बांधावर काकडी, भेंडी लावायला लावली. म्हाताऱ्यांना जाळी विणायला बसवलं. हळूहळू खाडीतली मासळी परत आली, बोय आली, निवट्या आल्या. खाडीकाठची खारी जमीन बुजवायला भरावाचे ट्रक डोंबिवलीकडून इथपर्यंत आले, पण आपल्यातल्या कुणी आपलं खाजण विकलं नाही. पोट भरत होतं म्हणून विकलं नाही. हो की नाही?

आता मला भीती कसली वाटते ते सांगते.

आज सकाळी मी खाडीवर गेलेले. बंद खाडीत जाळं लागलेलं होतं. बारीक आसाचं, बोटही जाणार नाही अशा भोकांचं. आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं आणि अंड्यावरच्या चिंबोऱ्या. आत्याचं दिवसकार्य अजून व्हायचंय, आणि जाळं पडलं.

कुणाचं ते मला लगेच कळलं. ते जाळं माझ्या घरचं आहे. माझ्या दिरानं टाकलंय.

भाऊजी, तुम्ही मागे खांबाशी बसलात. उठून जाऊ नका. तुमची कंपनी बंद पडली, घरी लेक तापाने फणफणलीय, मला माहीत आहे. काल तुम्ही म्हणालात, "आत्या गेली, आता कोण विचारतंय?" तीच माझी भीती. कारण खरंच, कोण विचारतंय? आज आमचं पडलं. उद्या शेजारचं पडेल. मग मासळी जाईल. मग ट्रकवाला खाजणाच्या कडेला उभा राहील आणि आपण विकायला मान डोलवू.

आत्या असती तर तिनं काय केलं असतं? आधी आमच्या दारात सुकटीची टोपली ठेवली असती. मग जाळं उचललं असतं. चूल कुणाची पेटली नाही ते ती घरोघर बघायची. ती गेल्यावर आपण कुणी बघितलं? आपण सगळे तिच्यासाठी रडत बसलो.

जाळं मी काढून आणलंय. बाहेर पायरीवर आहे. आपला रिवाज आहे, बंदीत पडलेलं जाळं पौर्णिमेपर्यंत देवळात टांगायचं. घरच्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर आणता आलं नसतं.

आता सगळे उभे राहा. आत्यासाठी थोडा वेळ गप्प राहू. तिला हात जोडू. मग चौघींनी ते जाळं टांगायला हात लावा आणि एकीनं सुकटीची टोपली घ्या. माझ्याबरोबर आमच्या घरापर्यंत चला. मला एकटीला आत जायची हिंमत नाही.