व्याजदराचा कौल

मंडळी, जरा सरसावून बसा. मागे खांबाला टेकलेत त्यांनी निदान डोळे उघडे ठेवा. आज प्रश्न एकच आहे. आपण देवाला विचारतो ते उत्तरासाठी, की उद्या बोट दाखवायला कोणीतरी असावं म्हणून? नका सांगू. घाईने सांगाल ते खोटंच असेल. आधी ऐका.

कुडाळच्या बाजूला एक गाव. तिथे उल्हास पेडणेकर, वीज कार्यालयात कारकून. बायको विनया, खासगी शाळेत बालवर्गाची बाई. घरावर कर्ज. ते जुन्या बँकेतून उचलून नव्या बँकेत न्यायचं ठरलं. नव्या बँकेने दोन वाटा दाखवल्या. एक, बांधलेलं व्याज — पाच वर्षं हप्ता तोच, जगबुडी आली तरी तोच. दुसरी, बदलतं व्याज — पहिली दोन वर्षं सवलत, हप्ता अडीच हजारांनी कमी. पण बाजारात व्याजदर चढला की हप्ता चढला, आणि सवलत संपली की विचारूच नका.

उल्हासरावांची झोप उडाली. का? मागल्या खेपेला त्यांनी बांधलेलं घेतलं आणि पुढल्याच वर्षी बाजार उतरला. तेव्हापासून दर गणपतीला थोरले भाऊ पानावर बसले की विचारायचे, "काय उल्हास, अजून चढ्या दरानेच भरतोस?" सगळं घर हसायचं. मोदक पानातच राहायचा बिचाऱ्याचा.

विनयाने विचारलं, "काय ठरवताय?" तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतंय?" — मंडळी, हसा, पण बेताने हसा. बायका पलीकडेच बसल्यात.

शेवटी गडी निघाला ग्रामदेवतेकडे, कौल लावायला. आबा गुरवांनी ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर बांधलेलं, डावी पडली तर बदलतं. आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, हो उल्हास तुझ्या पायाकडे इलो हा. बँक बदलूची हा तेका. व्याज बांधलेला घेव काय बदलता घेव, ता तूच सांग."

आता बघा. देवाने आजवर पाऊस सांभाळला, साप सांभाळले, सोयरिकी जुळवल्या. व्याजदर पहिल्यांदाच आला त्याच्यापुढे.

उजवी पाकळी पडली. उल्हासरावांना भाऊ दिसला, मोदक दिसला. म्हणाले, "आबा, पाकळी नीट चिकटली नव्हती. परत लावा."

परत लावली. डावी पडली. आता दुसरीच भीती — उद्या बाजार चढला तर? "आबा, एकास एक झालं. आणखी एकदा."

तिसऱ्यांदा एकही पाकळी हलेना. आबा खांबाला टेकून तंबाखू मळत म्हणाले, "आता देव पण इचारात पडलो."

तेवढ्यात विनया आली. बँकेचा माणूस घरी फोन करत होता, म्हणून नवऱ्याला शोधत आलेली. पाकळ्या बघून तिला सगळं कळलं. ती चिडली नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, जूनपासून शाळा बालवर्ग बंद करतेय. माझा पगार जाईल कदाचित. हप्ता वाढला तर कशातून भरायचा, तेवढं विचारा देवाला."

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तुम्ही थांबलात कधी?"

उल्हासराव तिच्याशेजारी बसले. आणि तिथे त्यांना स्वतःचं मन दिसलं. त्यांना उत्तर नकोच होतं. भावाला सांगायला एक वाक्य हवं होतं — 'देवाचा कौल होता.' देवाला जामीनदार करायला निघाले होते गृहस्थ!

मग दोघांनी तिथेच बोलून ठरवलं. एक पगार धरायचा. सवलत सोडायची. हप्ता ठाऊक असलेला बरा. बांधलेलं घ्यायचं. आबांनी पाकळ्या काढून निर्माल्यात टाकल्या. देवही सुटला.

पुढे काय झालं? तुम्हाला वाटेल बाजार चढला आणि पेडणेकर शहाणे ठरले. नाही हो. बाजार उतरला! बालवर्ग बंद झाला, विनया घरी शिकवण्या घेऊ लागली. ओढाताण झाली, पण हप्ता एकदाही चुकला नाही. आणि गणपतीत भाऊ पानावर बसून म्हणाले, "उल्हास, परत फसलास की रे."

उल्हासरावांनी बायकोकडे पाहिलं. ती वाढत होती. हातातली वाटी खाली न ठेवता म्हणाली, "दादा, ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तूप घ्या."

उल्हासरावांनी त्या दिवशी मागून घेऊन मोदक खाल्ले.

मंडळी, देवाला उद्याचा दर ठाऊक असेलही. पण तुमच्या स्वयंपाकघरात कोण काय मनात दाबून बसलंय, ते त्याला विचारायची गरज नाही. ते माणूस हाकेच्या अंतरावर आहे. आज इथे किती जण असे आहात, ज्यांनी घरात न विचारलेला प्रश्न गाभाऱ्यात आणलाय? हात वर करू नका, शेजारचा बघेल. प्रसाद घ्या, तसेच घरी जा आणि आधी तिथे विचारा. मग या. देव कुठे जात नाही.