खरखर कुणाची

"त्या साहेबांनी काही न तपासता माझा गळा खरखरीत ठरवला आणि आपण घरी केलेलं रेकॉर्डिंग नाकारलं, सुयोग."

अंधेरीच्या रेकॉर्डिंग कंपनीत, माझ्या शेजारच्या बाकावर, मावशी भाच्याला ऐकवत होती.

"हळू बोल मावशी. आज त्यांनीच बोलावलंय ना."

"डबलबारीच्या भजन-सामन्यात समोरच्या बुवाला गप्प करणारा गळा हा. आणि तू माइकची हलकी वायर फ्रिजच्या वायरीबरोबर बांधलीस."

"घर नीटनेटकं दिसायला हवं, असं तूच म्हणालीस."

"म्हटलं. मग?"

"मग बाहेरची खरखर अडवणारी, आत तांब्याची जाळी असलेली वायर आणली, फ्रिजपासून लांब नेली. तोच अभंग, तोच माइक, पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलं. झाली ना निवड?"

दार उघडलं. साहेब करारपत्र पुढे करत हसत म्हणाले, "आता आवाज सुधारलाय तुमचा."

"सही नंतर, साहेब. खरखर गळ्यात होती की वायरीत, ते आधी सांगा."