बावीस नंबरचं दार

"हॅलो? … हं, बोल. … अरे, धापा काय टाकतोयस? … ताई-ताई नंतर. काय करून ठेवलंस ते सांग."

प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून ताई टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. तीन दिवस झाले, हॉस्पिटलचे सगळे लिनक्स सर्व्हर तिच्याच हाताखाली काम करणाऱ्या धाकट्या भावाच्या हाती होते, आणि फोन वाजला की तिला वाटायचं, यानं काहीतरी घोळ घातला. आज ते खरं ठरलं.

"फायरवॉल चालू केलीस? … भर कामाच्या वेळेत? … कुणाला विचारून? … हो, हो, सुरक्षेसाठी, कळलं! अरे पण आधी बावीस नंबरचं दार उघडं ठेवायला सांगितलंस का तिला? … बावीस रे! आपण बाहेरून आत शिरतो ते! … विसरलास. … वा! म्हणजे घराला कुलूप घातलंस आणि किल्ली आतच टाकलीस. … लॅबवालेही बाहेर? सगळेच?"

टॉवेल जमिनीवर गेला.

"थांब, थांब. ऑपरेशनच्या टेबलावर कोण आहे म्हणालास? … सहा वर्षांची? … आणि रक्ताची कुठली पिशवी जुळतेय तो रिपोर्ट सर्व्हरवर. … पुन्हा जुळवायला पाऊण तास? … अरे देवा! पोट उघडून ठेवलंय डॉक्टरांनी, पाऊण तास काय गप्पा मारतील? … रडू नकोस. रडलास तर याद राख! आधी उत्तरं दे.

"दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप उतरेल असं लावून ठेवलं होतंस? … नाही. दर वेळी लावायचं असतं, हे मी भिंतीला सांगत होते का? … बरं, दुसरी खिडकी? … अरे टर्मिनलची! एक खिडकी आत शिरलेली तशीच ठेवायची, मग दुसरीतून उद्योग करायचे. आधीच आत असलेल्याला फायरवॉल बाहेर काढत नाही. … बंद केलीस? … सगळ्या? अक्कल गहाण ठेवलीस का रे?

"सर्व्हरपाशी कोण जाऊ शकेल? … पुलापलीकडच्या इमारतीत, हो, माहितीये मला! … अर्धा तास. … मग पळायला लाव कुणाला तरी! उभा काय आहेस?"

  पलीकडे उशीजवळ तिचा लॅपटॉप उघडा होता. प्लॅस्टर घातलं त्याच दिवशी तिनं त्यावर सर्व्हरच्या नोंदी चाळायला घेतल्या होत्या आणि मग तो तसाच राहिला होता. काळ्या खिडकीत ओळी अजून सरकत होत्या.

"… गप्प बस जरा. … गप्प म्हटलं ना!"

पाय ओढत ती पलंगावर पोचली. ओळी थांबवल्या, पासवर्ड दिला, फायरवॉल उतरवली.

"आता बघ. … बघ म्हणते ना! … आलं? … लॅबला विचार, रिपोर्ट दिसतोय का. … दिसतोय? … कुठली पिशवी ते त्यांनी ऑपरेशनवाल्यांना कळवलं का? … कळवलं. … पिशवी लावली? … हं. … हं. बरं झालं बाई."

तिनं उशीला पाठ टेकली. मग राग पुन्हा उसळला.

"आता ऐक. एक मूल तुझ्या वेंधळेपणापायी … काय? … कशी शिरले ते कशाला हवंय तुला? … अरे, होते मी आतच. … तीन दिवसांपासून. … हो, उघडीच राहिली होती खिडकी. … हो, घरच्या लॅपटॉपवर.

"… कुठला मेमो? … हो, मीच दिला. गेल्या आठवड्यात. सही माझीच आहे. खिडकी उघडी टाकून चहाला गेलास म्हणून … भाऊ असलास म्हणून काय सोडून द्यायचं? ऑफिसात …

"… काय म्हणालास?

"… त्या मेमोला घाबरून? … सगळ्या बंद केल्यास, ते … माझ्या भीतीनं?

"… अरे, तसं नव्हतं म्हणायचं मला. काम चालू असताना एक ठेवायची, संपलं की … हो, लिहिलं नव्हतं तसं. … नाही, सांगितलंही नव्हतं. … ऐक ना. मी उद्या साहेबांना फोन करून माझं … अरे, ऐक तर. … हॅलो? … हॅलो?"

त्यानं फोन ठेवला होता. तिनं लगेच परत लावला. पूर्ण वाजला, त्यानं उचलला नाही.