एकही चेंडू वाकडा नाही

...नाही, तुम्हीच सांगा, माणूस अकरा वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळला आणि गावातला न्हावी त्याला विचारतो, 'वेंडेल, तू फुटबॉल बघतोस का रे कधी?' बघतोस का! अहो, तीनशे पौंडांचे राक्षस ह्या मानेवरून चढून गेलेत! माझं काम काय? वाकायचं, दोन पायांमधून मागे बघायचं आणि सात यार्डांवर गुडघा टेकून बसलेल्या गड्याच्या हातात चेंडू असा फेकायचा, की त्यानं तो जमिनीवर उभा धरावा आणि तिसऱ्यानं लाथ मारून खांबांमधून घालवावा. एवढंच! साठ हजार माणसं बोंबलतायत, समोरचा राक्षस माझ्या आईचा उद्धार करतोय, आणि मला जग दिसतंय उलटं... तरी तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं, एकही चेंडू वाकडा नाही!

आणि नाव कुणाचं? लाथ मारणाऱ्याचं! धरणाऱ्याचंसुद्धा, कारण धरायला होता आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा म्होरक्या, ब्रॉक टिल्मन, देखणा गडी, आता टीव्हीवर दात दाखवून पिकअप गाड्या विकतो. आमच्या धंद्याची रीतच अशी, चेंडू सरळ गेला तर तुम्ही जन्मालाच आला नाहीत, वाकडा गेला तरच निवेदक नाव घेणार. मग माझं नाव घेणार कोण? निवृत्त झालो, हार्डवेअरचं दुकान टाकलं, तीस वर्षं खिळे विकले, पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट खुपत होती. एकदा, एकदाच, मैदानावरच्या त्या भोंग्यातून 'वेंडेल हॅकबार्थ' ऐकायचं होतं.

आणि आलं की हो जुन्या संघाचं पत्र! जुन्या खेळाडूंचा दिवस, मध्यंतरात मी चेंडू फेकायचा आणि टिल्मननं धरायचा, अगदी पूर्वीसारखा! मार्लिस, म्हणजे आमची बायको, म्हणाली, 'वेंडेल, तुझी कंबर चौसष्ट वर्षांची आहे, तिला विचारलंस का?' कंबरेला काय विचारायचंय? दीड महिना परसात सराव केला! मार्लिस ओव्हनचे हातमोजे चढवून सात यार्डांवर बसायची आणि करवादायची, 'अरे, सॉसेज करपतायत माझी!' करपू देत! एक चेंडू तिच्या हातांतून सुटला असेल तर शपथ. अकरा वर्षं आणि वर दीड महिना, एकही वाकडा नाही!

झालं, तो रविवार उजाडला. टिल्मन गुडघा टेकून बसला, केस रंगवलेले, नजर भलतीकडेच. मी म्हटलं, 'ब्रॉक, इकडे बघ.' तर म्हणतो, 'बघतोय रे... तो कॅमेरा आपल्यावरच आहे ना?' मी वाकलो. कंबर कुरकुरली, पण जग उलटं झालं आणि मी पुन्हा चोवीस वर्षांचा झालो! सोडला चेंडू. काय सोडला! सरळ, गिरक्या घेत, नेमका त्याच्या हातांत... म्हणजे हात जागेवर असते तर! हात गर्दीला टाटा करत होते! चेंडू आपटला त्याच्या छातीवर, तिथून गडगडत गेला थेट बाकांखाली, साठ हजार माणसं 'ओऽऽऽ' करून विव्हळली, आणि भोंगा घुमला, स्वच्छ, खणखणीत...

'आणि हा वाकडा चेंडू टाकलाय... वेंडेल हॅकबार्थ यांनी!'

टिल्मन माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, 'होतं रे असं, वय झालं आता.' वय! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाचं की आनंदाचं ते विचारू नका. गाडीत मार्लिसनं माझ्या कंबरेमागे उशी सरकवली. मग हळूच म्हणाली, 'पण तुझ्या नावाचा उच्चार किती छान केला रे त्या निवेदकानं.'

आता दुकानात ही गर्दी! लांबलांबून येतात, 'तो वाकडा चेंडू तुमचाच ना?' पहिल्या दिवशी प्रत्येकाला समजावलं, अहो, सरळ होता, छातीवर होता, अकरा वर्षं एकही... कुणी ऐकेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी जरा कमी समजावलं. आता विचारलं की फक्त पेन काढतो आणि म्हणतो, 'हो, माझाच. सही कुठे करू?'